सहा सपाट दारं

कोर्टाचा निकाल लागला त्या दुपारी दोन्का आणि सावा एकाच बसने घरी आली, कारण घर एकच होतं. न्यायाधीशबाईंनी गाडी त्याला दिली, शिवणयंत्र तिला, आणि फ्लॅट अर्धा अर्धा. गाडी चालत नव्हती आणि दोन्काला शिवण येत नव्हतं, त्यामुळे आपण फसलो असं दोघांनाही सारखंच वाटलं. न्याय म्हणतात तो बहुधा हाच.

फ्लॅट रूसे शहरात, डॅन्यूब नदीकडच्या वस्तीत, सिमेंटच्या तयार फळ्या जुळवून उभ्या केलेल्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावर होता. दुसऱ्याचा अर्धा हिस्सा विकत घ्यायची ऐपत दोघांतही नव्हती. दोन्का एका केकच्या दुकानात केकवर नक्षी काढायची. सावा बंदरातला क्रेनवाला, गुडघे गेले म्हणून लवकर घरी बसलेला. तेव्हा झोपायची खोली तिने घेतली, बाहेरच्या खोलीतला सोफा त्याने. त्यांची मुलगी रालित्सा नर्स होऊन जर्मनीला गेल्यापासून तिच्या छोट्या खोलीत मिरच्यांच्या आणि टोमॅटोच्या बरण्या राहायला आल्या होत्या. फ्रिजचा वरचा कप्पा तिचा, खालचा त्याचा, आणि मधल्या कप्प्यावरून रोज भांडण. अशी काही वर्षं गेली. इमारतीतले लोक म्हणायचे, लग्न काही टिकलं नाही यांचं, पण घटस्फोट मात्र मजबूत निघाला.

शेवटी विषय दोन्कानेच काढला.

"सावा, विकून टाकू हे घर. रोज सकाळी बेसिनमध्ये तुझे पाय बघायचा मला कंटाळा आलाय."

"पाय नसतात," सावा म्हणाला. "एका वेळी एकच असतो."

पण त्यालाही सोफ्यावर पाठ धरायला लागली होती. म्हणून मग क्रासेन आला.

क्रासेन हा घरं विकून देणारा दलाल. टोकदार बूट, आणि चालता चालता भिंतीवर टिचकी मारायची सवय, जशी काही भिंत आतून उत्तर देणार आहे. त्याने खिडक्या पाहिल्या, बाल्कनीच्या कठड्यावरून कंबरेपर्यंत बाहेर वाकून डॅन्यूबचा एक तुकडा पाहिला आणि "नदीचं दर्शन" असं फोनमध्ये लिहून घेतलं. मग तो बोळात उभा राहिला. तिथून घरातली सहाही दारं एकदम दिसायची: दोन खोल्या, रालित्साची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास. सहाही एकसारखी. सपाट, एकेकाळी पांढरी, आता सावाच्या सिगारेटींनी जुन्या दातांच्या रंगावर आलेली.

"ताई, घर चांगलंय," क्रासेन म्हणाला. "पण ही दारं बघून मला रक्त तपासायला आल्यासारखं वाटतंय."

"दारांना काय झालंय?" सावा म्हणाला. "उघडतात. लागतात."

"गिऱ्हाईक आत आल्या आल्या हेच बघतं, काका. दवाखान्यात राहायला कोण पैसे देईल?"

दोन्काने नव्या दारांची चौकशी केली आणि आकडा ऐकून दुकानातल्या खुर्चीवर बसली. तेव्हा क्रासेननेच दुसरा मार्ग सांगितला. त्याच्या आत्याने केला होता म्हणे. दारं तीच ठेवायची. घासायची, वर बीडिंगच्या लाकडी पट्ट्या चौकोनात चिकटवायच्या, रंग मारायचा, मुठी बदलायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटतं की जुन्या खानदानी घरातली भरीव लाकडाची दारं आहेत.

"आणि जवळून?" दोन्काने विचारलं.

"जवळ येईपर्यंत मी बोलत राहतो," क्रासेन म्हणाला. "माझं कामच ते."

दोन्काला ही कल्पना एकदम पटली. सपाट केकचं काय करायचं हे तिला तिशीपासून ठाऊक होतं: कडेने किनार ओढायची, मध्ये एक चौकट, की शिळा केकही लग्नाला चालतो. सावाला कल्पना पटली नाही, पण सोफ्यापेक्षा बरी वाटली.

रंगावरून पहिलं भांडण झालं. दोन्काला पिस्त्याचा हवा होता, सावाला बोटीला देतात तो करडा. बांधकामाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात दोघं डब्यांच्या रांगेपुढे उभी राहून इतकी भांडली की रंग ढवळणारी मुलगी बिचारी दुसऱ्याच विभागात निघून गेली. तिच्या टेबलाखाली काही डबे वेगळे ठेवले होते. कुणीतरी मिसळून घेतलेले, घरी नेऊन पाहिलेले, आणि बायकोने परत पाठवलेले. ते जवळजवळ फुकटात होते. त्यात एकाच रंगाचे डबे पुरेसे निघाले. हिरवा म्हणावा तर करडा, करडा म्हणावा तर निळसर. झाकणावर नाव नव्हतं, आकडाही खोडलेला.

"बुडून मेलेल्या माणसाचा रंग आहे हा," सावा म्हणाला. बंदरात त्याने एकदोन पाहिले होते.

"कोवळ्या अक्रोडाच्या पानाचा आहे," दोन्का म्हणाली. "आणि स्वस्तातला मेलेला माणूस आहे. उचल."

दुसरं भांडण दाराला दोन बाजू असतात यावरून झालं. बोळाकडची बाजू सामाईक मालमत्ता, हे दोघांनाही मान्य होतं. पण सावाचं म्हणणं असं पडलं की आपल्या खोलीच्या आतली बाजू हे आपलं स्वतंत्र राज्य आहे आणि तिथे कुणी पट्टी मारायची नाही.

"बाहेरून राजवाडा आणि आतून दवाखाना? गिऱ्हाईक काय बोळातच झोपणार आहे?"

"माझ्या खोलीत काय करायचं ते मी ठरवीन. कोर्टाने दिलीय."

"कोर्टाने तुला गाडीही दिलीय. जा, तिच्यात झोप."

शेवटी आतली बाजूही घासायची ठरली, फक्त सावाने स्वतःच्या हाताने.

पहिलं दार त्यांनी संडासाचं घेतलं, म्हणजे चुकलं तरी कुणी तिथे फार वेळ बघत बसत नाही. बिजागऱ्यांचे खिळे काढून दार स्वयंपाकघराच्या टेबलावर आडवं टाकलं. ते इतकं हलकं होतं की सावाला वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण ज्याच्या आड निर्धास्त बसलो ते दोन पातळ फळ्या आणि मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पुठ्ठ्याची जाळी, एवढंच निघालं.

दोन्काने सोड्याच्या पाण्याने दार धुतलं तेव्हा पाणी चहासारखं झालं. मग पॉलिश पेपरने घासलं. पट्ट्या कापायचं काम सावाकडे होतं. बंदरात त्याने लोखंडाचे मोठाले गठ्ठे बोटाच्या फरकाने बोटीत उतरवले होते, तेव्हा एक बोटभर रुंदीची पट्टी कापायला त्याला कुणाचा सल्ला नको होता. चौकटीचे कोपरे जुळायला पट्टीची टोकं तिरकी कापावी लागतात. सावाने ती तिरकी कापली. फक्त निम्मी एका दिशेला तिरकी आणि निम्मी दुसऱ्या, आणि जुळवायला गेल्यावर दारावर जे काही झालं ते चौकोनापेक्षा लग्नाहून पिऊन परतणाऱ्या चौघांसारखं दिसत होतं.

"हे काय आहे?" दोन्काने विचारलं.

"लाकूड वाकडं आहे."

"लाकूड सरळ आहे, सावा."

"मग दार वाकडं आहे. ह्या इमारतीत सरळ काय आहे? तू?"

नव्या पट्ट्या आणाव्या लागल्या. या खेपेला कापताना दोन्का शेजारी उभी राहिली आणि पट्टीवर पेन्सिलीने बाण काढत गेली, जशी लहान मुलाच्या चपलांवर डावा-उजवा काढतात. सावाला त्याचा इतका राग आला की त्याने सगळे काप अचूक घेतले.

मग तो पट्ट्यांना खिळे मारायला निघाला. पहिला खिळा हातोडीच्या एका ठोक्यात डोक्यासकट आत गेला आणि आत कुठेतरी टण्ण वाजून पडला. दुसराही. पोकळ दारात खिळ्याला धरायला काही नव्हतं, पण सावाला हे मान्य करायला बरेच खिळे लागले. दार उभं केलं तर ते खुळखुळ्यासारखं वाजू लागलं.

या आवाजाला स्तामेना मावशी आली. ती समोरच्या दारची. सत्तरी ओलांडलेली, दोनदा विधवा झालेली, आणि दोन्ही वेळा पेन्शन वाढलेली. जिन्यात काहीही वाजलं तरी ती कप हातात घेऊन यायची, म्हणजे आल्यावर कॉफी विचारावीच लागे.

"काय वाजवताय?"

"दार," सावा म्हणाला.

मावशीने दार हलवून पाहिलं. "ह्याला खिळे नाही मारायचे रे. सरस लाव, वरून कागदी चिकटपट्टीने बांध, आणि सकाळपर्यंत हात लावू नकोस. बायकोसारखंच आहे. ठोकून काही होत नाही, धीर धरावा लागतो."

"तुम्हाला दारांतलं बरंच कळतं, मावशी," दोन्का म्हणाली.

"दारांतलं नाही, तुमच्यातलं कळतं. ह्या असल्या दारांतून काय ऐकू येत नाही? तुमच्या घटस्फोटाची कारणं तुमच्याआधी मला ठाऊक होती. मधल्या कप्प्याचा तर मला कंटाळा आलाय. चीज दोघांचं ठेवा तिथे आणि संपवा एकदाचं."

पण मावशीचा सल्ला लागू पडला. सरसाने पट्ट्या बसल्या, सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन हात झाले, आणि संडासाचं दार परत चौकटीत बसवलं तेव्हा दोघंही बोळात उभी राहून बघत राहिली. दोन चौकटी, वरची उंच, खालची आखूड. कडेने पडलेली बारीक सावली. तो विचित्र रंगही आता विचित्र वाटत नव्हता.

"संडासात इतकं देखणं दार," सावा म्हणाला. "आत जायला संकोच वाटेल."

"तुला? बरं होईल."

त्यानंतर काम भराभर चाललं. दोन्का दुकानातून आली की एप्रन न काढता रोलर हातात घ्यायची. सावा दुपारभर घासून ठेवायचा. पट्ट्यांचे काप आता तो बाणांशिवाय घेत होता आणि ते दोन्काने बघावं म्हणून मुद्दाम टेबलावर मांडून ठेवत होता. एकमेकांशी ते जेवढ्यास तेवढंच बोलत: धर, सोड, तिकडून, अरे तिकडून, गाढवा. तरी कोर्टातून आल्यापासून त्यांचं एवढं बोलणं झालं नव्हतं.

असं करत बाहेरच्या खोलीच्या दारापर्यंत आले, आणि तिथे गाडी अडली.

त्या दारावर बोळाच्या बाजूने कॅलेंडर असायचं. दरवर्षी सावा बंदरातून नवं आणायचा, दरवर्षी दोन्का जुनं काढून नवं लावायची. कॅलेंडरवर बोटी असायच्या. कॅलेंडरच्या मागे भोक होतं. माणसाच्या गुडघ्याच्या उंचीपासून जरा वर, मुठीहून मोठं, कडा आत गेलेल्या. पुठ्ठ्याची जाळी दिसायची.

त्या भोकाबद्दल लग्न असताना दोघं एकदाही बोलली नव्हती. बोलले ते त्यांचे वकील, कोर्टात. दोन्काच्या वकिलाने सांगितलं की हा माणूस इतका तापट की रागाच्या भरात लाथ घालून दार फोडतो. सावाच्या वकिलाने सांगितलं की ही बाई स्वयंपाकघरातलं हाताला लागेल ते फेकते, दारच साक्षीदार आहे. न्यायाधीशबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि पुढचं पान उलटलं. त्या दिवसापासून दोन्काच्या मनात पक्कं बसलं होतं की सावा चिडका आहे, आळशी आहे, हे सगळं एक वेळ चालेल, पण तो वकिलाच्या तोंडून कोर्टात धडधडीत खोटं बोलला. बेसिनमधला पाय तिने पचवला असता. हे पचत नव्हतं.

आता कॅलेंडर काढायचं होतं. दोघंही त्याच्यापुढे उभी होती आणि हात कुणी पुढे करत नव्हतं.

"काढ," दोन्का म्हणाली.

"तू काढ. तुझी करामत आहे."

"माझी?" दोन्काने रोलर ताटलीत ठेवला. "सावा, इथे वकील नाहीत. न्यायाधीशबाई नाहीत. इथे तरी खरं बोल. लाथ कुणी घातली?"

"लाथ? माझे गुडघे बघितलेस? मी लाथ घातली असती तर दार राहिलं असतं आणि मी दवाखान्यात असतो. लाटणं कुणी फेकलं?"

"माझं लाटणं ह्या भोकातून जाईल का? अक्कल आहे?"

"मग हातोडी. मांस ठेचायची."

आवाज चढत गेले. समोरचं दार किंचित उघडल्याचं दोन्काच्या कानाने टिपलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. रालित्सा. तिला दारं बघायची होती. आईने पाठवलेला संडासाच्या दाराचा फोटो तिने म्हणे हॉस्पिटलात सगळ्यांना दाखवला होता.

दोन्काने आवाज ताळ्यावर आणला, फोन उलटा धरला आणि बोळातून फिरवला. "हे तुझ्या खोलीचं. हे न्हाणीघराचं. आणि हे..." सावाने त्याच क्षणी चिडून कॅलेंडर ओढून काढलं.

फोनमध्ये रालित्सा पडद्याजवळ वाकली.

"अगं बाई," ती म्हणाली. "ते अजून आहे?"

"काय अजून आहे?"

"भोक. आई, मी तर विसरूनच गेले होते. मी बोळात चाकांचे बूट घालून फिरत होते ना, तुम्ही दोघं कामावर होतात तेव्हा. वळायला गेले आणि गुडघा आत. मग स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आणून त्यावर लावलं. मला वाटलं संध्याकाळी कुणीतरी विचारेल. कुणीच विचारलं नाही. मला वाटलं, तुम्हाला कळलंच नाही."

सावाने हातातलं कॅलेंडर उलटं करून पाहिलं.

"हॅलो? रागावलात का? किती जुनी गोष्ट आहे ती. तुम्ही काय कोर्टात थोडीच सांगितलीत."

दोन्काने मुलीला सांगितलं की दुधावर लक्ष ठेवायचंय, आणि फोन बंद केला. दूध वगैरे काही नव्हतं. ती तिथेच बोळात, रंगाच्या उपड्या डब्यावर बसली. सावा दाराला टेकला, मग रंग ओला नाही ना म्हणून वळून पाहिलं, आणि पुन्हा टेकला.

दोन्काला तो दिवस आठवला. आदल्या रात्री ते रालित्साच्या शाळेवरून की सासूवरून भांडले होते. दुसऱ्या संध्याकाळी कॅलेंडर भलत्याच जागी दिसलं. तिने ते उचलून मागे पाहिलं. हा माणूस दार फोडतो, आणि मग लाजून त्यावर कॅलेंडर लावतो. त्याला लाज वाटली आहे तर आपण कशाला बोलायचं, असं म्हणून ती गप्प बसली.

"तू दरवर्षी कॅलेंडर आणायचास," ती म्हणाली. "मला वाटायचं, झाकायला आणतोयस."

"बंदरात फुकट मिळायचं," सावा म्हणाला. "पण तू ते तिथेच लावायचीस. मला वाटायचं, तुला लाज वाटतेय. म्हणून मी काही बोललो नाही."

"मीही म्हणूनच बोलले नाही."

"म्हणजे इतकी वर्षं मी तुला माफ करत होतो ते फुकट गेलं."

"आणि मी तुला. रोज. ह्या दारातून जाताना."

सावाने भोकात बोट घालून जाळीचा एक तुकडा बाहेर काढला आणि बघत बसला. मग त्याचे खांदे हलायला लागले. दोन्काला आधी वाटलं की रडतोय, आणि ती घाबरली, कारण रडणाऱ्या सावाचं काय करायचं हे तिला कधीच ठाऊक नव्हतं. पण तो हसत होता. मग तिलाही हसू आलं, आणि ते असं आलं की तिला एप्रन तोंडात कोंबावा लागला.

"वकिलाला किती पैसे दिले मी त्या लाथेचे," ती म्हणाली.

"माझ्या वकिलाने हातोडीचे घेतले."

समोरच्या दारातून स्तामेना मावशी कप घेऊन आली. "मला तेव्हाच ठाऊक होतं," ती म्हणाली. "चाकांचा आवाज काय मला ऐकू येत नाही?"

"मग सांगितलं का नाही, मावशी?"

"मला कुणी विचारलं? कोर्टाने मला बोलावलंच नाही. मी केसही सेट करून ठेवले होते."

भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून त्यावर जाळीदार कापड ताणलं, लांबीचे तीन थर दिले, घासलं, आणि खालची चौकट अशी बसवली की सांधा पट्टीखाली गेला. सावाने ते दार इतकं निगुतीने केलं की दोन्काला वाटलं, एवढी निगा त्याने कधी... पण तिने तो विचार पुढे नेला नाही. हसलो म्हणून काही सगळं पुसलं जात नाही. बेसिन होतंच. सासू होतीच. सकाळी त्याचा खोकला होताच. फक्त खोटं बोलल्याचं जे एक कुसळ होतं ते निघालं होतं, आणि त्या जागी बोट ठेवून पाहिलं तरी आता दुखत नव्हतं.

मुठी तेवढ्या त्यांनी जुन्या बाजारातून आणल्या, पितळेच्या, कुठल्यातरी पाडलेल्या हॉटेलातल्या. संडासाच्या मुठीवर सातचा आकडा कोरलेला होता.

क्रासेन गिऱ्हाईक घेऊन आला तेव्हा बोळात पाय ठेवताच त्याचं बोलणं थांबलं, आणि हे त्याच्या आयुष्यात क्वचितच घडत असे. गिऱ्हाईक म्हणजे राजधानी सोफियाहून आलेलं एक जोडपं, याव्होर आणि बिल्याना. दोघंही घरी बसून संगणकावर काम करणारी, दोघांचेही बूट पांढरेशुभ्र. बिल्यानाने रालित्साच्या खोलीच्या दारावरून हात फिरवला.

"किती सुंदर आहेत. ही जुनीच आहेत का? आणि हा रंग तर आता सगळीकडे शोधतात लोक."

"खास मिसळून घेतलाय," दोन्का म्हणाली. कुणीतरी घेतलाच होता.

सावा छाती काढून उभा होता. त्याने स्वच्छ शर्ट घातला होता आणि न विचारता एकेक दार उघडून, लावून दाखवत होता. "आवाज ऐका. करकर नाही. बिजागऱ्यांना तेल मी स्वतः दिलंय." याव्होरने मान हलवली आणि बोळाच्या मधोमध जाऊन हात पसरले.

"तर बघ," तो बायकोला म्हणाला. "ही भिंत जाईल. ही जाईल. स्वयंपाकघर इकडे उघडं. हा बोळच राहणार नाही. सगळं एकच मोठं दालन, नदीपर्यंत."

"आणि दारं?" दोन्काने विचारलं.

"दारं कशाला लागतील? न्हाणीघराला सरकतं काचेचं लावू," याव्होर म्हणाला. बिल्यानाने पुन्हा एकदा दारावर हात फिरवला. "वाईट वाटतं. पण फोटो काढून ठेवीन मी."

दोन्काने सावाकडे पाहिलं. सावा तिच्याकडेच बघत होता. लग्नाच्या इतक्या वर्षांत नजरेने एकमेकांना काही कळवणं त्यांना कधी जमलं नव्हतं. पाहुण्यांसमोर ती डोळ्यांनी 'मिठाई आण' म्हणायची आणि तो खिडकी उघडायचा. या वेळी मात्र बिनचूक पोचलं.

"भिंती पाडा की," सावा म्हणाला. "आवाज तर आताही येतोच. बंदरातले क्रेन पहाटे सुरू होतात. मीच चालवायचो, मला माहीत आहे ना."

"आणि धुकं," दोन्का म्हणाली. "नदीचं. सांधे धरतात. ह्यांचे गुडघे बघा. आले तेव्हा नाचायचे हे."

"ताई," क्रासेन म्हणाला.

"भिंत पाडताना जरा जपून," सावा म्हणाला. "ह्या इमारतीत कुठली भिंत कुणाला धरून आहे ते बांधणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर एकाने पाडली. आता त्याच्या वरच्याचं कपाट आपोआप उघडतं."

"काका," क्रासेन म्हणाला.

एवढ्यात स्तामेना मावशी कप घेऊन दारात आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला लागतही नसे. "नवे शेजारी का?" तिने विचारलं. "छान झालं. मी दिवसातून चारपाच वेळा येते. चालतं ना?"

पांढरे बूट जिना उतरून गेले. क्रासेन मागे राहिला. तो रागाने लाल झाला होता. "तुम्हाला विकायचंय की नाही?"

"विकायचंय," दोन्का म्हणाली. "दारं ठेवणाऱ्याला."

"असलं गिऱ्हाईक मी कुठून आणू?"

"तूच शोधून काढलेली युक्ती आहे, बाळा," सावा म्हणाला. "आता भोग."

क्रासेनने पुन्हा कधी गिऱ्हाईक आणलं नाही. पण काही दिवसांनी त्याने आईला आणलं. तिलाही दवाखान्यासारख्या घरात राहायचा कंटाळा आला होता, आणि दार वाजलं की कशाला तरी आपला नंबर लागला असं वाटायचं. दोन्का आणि सावाने तिची दारं केली. मग तिच्या बहिणीची. मग इमारतीतल्या दुसऱ्या जिन्यातल्या एका दंतवैद्याची, ज्याला दारं खरोखर दवाखान्यासारखीच हवी होती, पण महागड्या दवाखान्यासारखी.

ऐपत काही एवढ्याने आली नाही. घर विकलं गेलं नाही, अर्धा हिस्सा कुणी घेतला नाही. तोड निघाली ती स्तामेना मावशीकडून. तिच्याकडे एक खोली रिकामी होती, दुसऱ्या नवऱ्याची, त्यात त्याची टोपी अजून खुंटीला होती. ती सावाला म्हणाली की भाडं नको, पण दारं कर, आणि रात्री घोरलास तर भिंतीवर थापटीन.

सावा आपलं सामान घेऊन जिना ओलांडून समोर गेला. दोन खेपांत झालं. सोफा तेवढा दोन्काने दिला नाही.

तो गेल्यावर ती घरभर फिरली. सगळी दारं सताड उघडी टाकली आणि बाल्कनीतून वारा आत येऊ दिला. फ्रिजचे तिन्ही कप्पे तिचे होते. तिने मधल्या कप्प्यात एक टोमॅटो ठेवला, दुसरा ठेवला, आणि तिला वाटलं होतं तेवढी मजा आली नाही, पण बरीच आली.

रविवारी रालित्साचा फोन आला. "आई, खरं सांग. तुम्ही परत एकत्र येताय का?"

"वेडी आहेस का? आत्ता कुठे तो गेलाय."

"कुठे गेलाय?"

"समोर."

"मग तू का दारात उभी आहेस? मला जिना दिसतोय."

"मावशीच्या स्वयंपाकघराचं दार चाललंय," दोन्का म्हणाली. "लिंबाचा पिवळा घेतलाय तिने, आंधळं व्हायला होतं. आणि हा बघ, हा माणूस बघ." तिने फोन समोरच्या दाराकडे वळवला आणि जिन्याच्या पलीकडे ओरडली, "सावा, वरची चौकट उंच, खालची आखूड. उलटं धरलंयस दार."

"उलटं नाही," समोरून आवाज आला. "हे मावशीला असंच हवंय."

"मावशीला काय कळतंय?" दोन्का म्हणाली, आणि मुलीला नंतर फोन करते म्हणून सांगत एप्रन बांधू लागली.